बाली : कुटा, सेमिन्याक, चांगू की उलुवातू? नाइटलाइफ सतत सरकते कशामुळे?

प्रश्न : पायपीट

नमस्कार मंडळी. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण बालीला जाणार आहोत आणि मुक्काम कोठे करावा यावरून आमच्यात सध्या दोन तट पडले आहेत. आमच्यापैकी एकाच्या थोरल्या भावाच्या सांगण्यानुसार बालीची नाइटलाइफ म्हणजे कुटा, त्यातही लेगियान रस्ता. दहा-बारा वर्षांपूर्वीचे लेख वाचले तर त्यांत कुटाच्या नावाने नाके मुरडून सेमिन्याकची वाखाणणी केलेली आढळते. अलीकडच्या बहुतेक सर्व चित्रफिती चांगूच्या आहेत, आणि त्यांच्याखाली लोक आता असे लिहू लागले आहेत की चांगूचेही दिवस भरले असून जाणकार मंडळी उलुवातूकडे किंवा पेरेरेननकडे वळली आहेत.

नकाशावर पाहिले तर कुटापासून चांगू जेमतेम दहा-बारा किलोमीटर आणि उलुवातू विसेक किलोमीटर आहे. एवढ्याशा पट्ट्यात एका भागाचा बाजार उठतो आणि दुसऱ्याचा बसतो, हे नेमके कशामुळे घडते, असा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न व्यावहारिक आहे. पहाटेपर्यंत नाचण्याची हौस आमच्यात दोघांनाच आहे. उरलेल्या चौघांना सूर्यास्त, बरे संगीत, एकमेकांचे बोलणे ऐकू येईल अशी बैठक आणि बाराच्या आत अंथरूण हवे असते. अशा संमिश्र कंपूने कोठे उतरावे?

उत्तर : भरतीओहोटी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर दुसऱ्याचे बरेचसे आपोआप मिळते, म्हणून थोडे मागे जातो.

ही सरकण्याची गोष्ट कुटाच्याही आधी सुरू होते. 1966 मध्ये सानूरच्या किनाऱ्यावर बाली बीच हे दहा मजली हॉटेल उभे राहिले. ते लोकांच्या डोळ्यांत इतके खुपले की पुढे नारळाच्या झाडापेक्षा, म्हणजे सुमारे 15 मीटरपेक्षा, उंच बांधकाम करायचे नाही असा दंडक पडला. 1969 मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी खुला झाला आणि 1971 मध्ये फ्रेंच सल्लागारांनी पर्यटनाचा आराखडा तयार केला, ज्याचे सूत्र असे होते की परदेशी पाहुण्यांना दक्षिणेकडच्या नुसा दुआ येथे, एका आखून दिलेल्या आवारात ठेवावे आणि उरलेले बेट शक्यतो त्यांच्यापासून दूर राखावे. या आराखड्यात कुटाला महत्त्वाचे स्थान नव्हते. मासेमारीवर जगणाऱ्या त्या गावात तोपर्यंत सर्फिंग करणारे आणि झोळीवाले हिप्पी येऊ लागले होते, आणि गावकरी आपल्या घराच्या अंगणातल्या खोल्या त्यांना भाड्याने देत होते.

कुटाची सगळी घडण या बिनआराखड्याच्या वाढीतून झाली. जमिनीचे तुकडे लहान, घरे एकमेकांना चिकटलेली, पॉपीज लेनसारख्या गल्ल्या तर इतक्या अरुंद की समोरून गाडी आली तर चालणाऱ्याने भिंतीला पाठ लावून उभे राहावे. त्यामुळे तिथले बारही लहान आणि दाराला दार लागून होते. माणूस पायी निघायचा, एका ठिकाणी एक बाटली बिंतांग बिअर प्यायचा, पुढच्या दारातून अधिक चांगले गाणे ऐकू आले की तिकडे शिरायचा. कुटाचे खरे भांडवल हे पायी हिंडणे होते, आणि ते लेगियान रस्त्याइतके बालीत पुन्हा कोठेही साधलेले नाही, असे माझे मत आहे.

12 ऑक्टोबर 2002 च्या रात्री याच रस्त्यावर पॅडीज पब आणि समोरचा सारी क्लब येथे बॉम्बस्फोट झाले आणि 202 माणसे मृत्युमुखी पडली. 1 ऑक्टोबर 2005 रोजी कुटा आणि जिंबारान येथे पुन्हा स्फोट झाले. कुटा बॉम्बमुळे संपला असे जे सर्रास सांगितले जाते, ते मात्र मला पटत नाही. काही वर्षांतच लेगियान रस्ता पुन्हा तुडुंब भरू लागला होता. उलट, पैसे असलेला ग्राहक स्फोटांच्या आधीच उत्तरेकडे सरकू लागला होता: डबल सिक्स हा समुद्राकाठचा डिस्को, जेथे मध्यरात्र उलटल्याखेरीज कोणी पाऊल टाकत नसे, तेव्हा गाजत होता, आणि कु दे ता ही जागा 2000 च्या सुमारास सेमिन्याकला सुरू झाली होती. स्फोटांनी त्या ओघाला वेग दिला, इतकेच. आज त्या रस्त्यावर बळींची नावे कोरलेले स्मारक आहे. सारी क्लबचा भूखंड मात्र कुटाच्या ऐन मोक्याच्या जागी असूनही स्फोटानंतर कित्येक वर्षे नुसता मोकळा पडून होता आणि लोक तेथे गाड्या लावत.

सेमिन्याकने जे नवे आणले ते म्हणजे बीच क्लब. दुपारी तीनला यायचे, गादीवर लवंडायचे, पोहायचे, सूर्यास्त पाहायचा, जेवायचे आणि तेथेच रात्री संगीत ऐकत बसायचे. 2010 मध्ये पेतितेंगेत भागात सुरू झालेल्या पोटॅटो हेडची जुन्या सागवानी खिडक्यांच्या झडपांनी मढवलेली भिंत आपण छायाचित्रांत पाहिली असेलच. या प्रकारात माणूस रस्त्यावर हिंडत नाही, एकाच कुंपणात आठ-आठ तास राहतो. त्याला गल्लीतले दुकान पुरत नाही. समुद्राला लागून असलेला ऐसपैस भूखंड लागतो. सेमिन्याकमध्ये असे भूखंड मोजके होते आणि ते लवकरच संपले. चांगूला लागून असलेल्या बेरावामध्ये मात्र भातशेती जवळजवळ वाळूला भिडलेली होती. आज फिन्स आणि 2022 मध्ये उघडलेला अवाढव्य अ‍ॅटलस हे दोन बीच क्लब तेथे जवळजवळ शेजारी उभे आहेत, आणि त्यामागचे मुख्य कारण फॅशनपेक्षा भूखंडाचा आकार हे आहे.

उलुवातूची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे उंच कडे आहेत, प्रत्येक जागा आपापल्या कड्यावर एकटी आहे आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे पायी जाण्याचा विचारही करू नये. उंगासानच्या कड्याच्या टोकावरचा सावाया हा क्लब 2018 मध्ये ऑम्निया या नावाने सुरू झाला. तेथे जाणारा माणूस ठरावीक डीजेसाठी, तिकीट काढून, गाडी ठरवून जातो.

उत्तर : खजिनदार

भरतीओहोटी यांनी भूखंडाचा मुद्दा योग्य मांडला आहे, त्याला पैशाची बाजू जोडतो. मी काही काळ तेथील हॉटेल व्यवसायात हिशेबाचे काम केले आहे.

इंडोनेशियात परदेशी व्यक्तीला जमिनीची पूर्ण मालकी, ज्याला तेथे हाक मिलिक म्हणतात, मिळत नाही. त्यामुळे परदेशी पैशावर चालणारे पुष्कळसे बार, व्हिला आणि उपाहारगृहे 25-30 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवर उभी आहेत. भाव दर आरला दर वर्षी इतके रुपिया असा सांगतात (आपल्या सातबाऱ्यावरचा आर तो हाच, म्हणजे 100 चौरस मीटर), आणि बहुतेक वेळा अनेक वर्षांचे भाडे सुरुवातीलाच एकरकमी मोजावे लागते. याचा परिणाम असा होतो की धंदा करणाऱ्याला पहिल्या काही वर्षांत मुद्दल वसूल करायची घाई असते. जागा नवी आणि गाजत असते तोवर तो दर चढे ठेवतो. ते पाहून शेजारचा जमीनमालक आपला भाव वाढवतो, आणि ज्या किरकोळ, हौशी, थोड्या भांडवलाच्या लोकांनी त्या भागाला पहिली रंगत आणलेली असते त्यांना पुढचे, अजून स्वस्त गाव शोधावे लागते. पट्टा संपत आला की कोणी डागडुजीवर पैसे घालत नाही. छपराचे गवत काळे पडलेले, तरणतलावाच्या कडेच्या फरश्या निखळलेल्या, आणि दारावर मात्र दोन पेयांवर एक फुकट असा फलक, असे दृश्य दिसले की पट्ट्याची शेवटची दोन-तीन वर्षे चालू आहेत असे समजायला हरकत नसते. कुटा-लेगियानमधील अनेक जागा या टप्प्यातून गेल्या, सेमिन्याकच्या काही जागा आता जात आहेत.

दुसरी गोष्ट सरकारी नकाशाची. पर्यटक ज्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानतात ते सर्व भाग एकाच बादुंग जिल्ह्यात येतात. सेमिन्याक तर कागदोपत्री कुटा तालुक्यातच आहे. चांगू आणि बेरावा उत्तर कुटा तालुक्यात, उलुवातू दक्षिण कुटा तालुक्यात आणि पेरेरेनन मेंगवी तालुक्यात. गर्दी यांपैकी कोठेही सरकली तरी कर एकाच तिजोरीत जमा होतो, त्यामुळे जुन्या भागाचा ऱ्हास थांबवण्याची निकड जिल्ह्याला वाटण्याचे फारसे कारण उरत नाही. खरी चुरस पेरेरेननच्याही पलीकडे, तबानान जिल्ह्याची हद्द लागते तेथे सुरू होते. न्यान्यीच्या किनाऱ्यावर नुआनू नावाचा मोठा प्रकल्प आणि त्यातला लुना बीच क्लब उभा राहिला आहे. तेथे खर्च झालेल्या पैशाचा कर बादुंगला मिळत नाही.

आणि तिसरे, ज्याकडे पर्यटकांचे लक्ष जात नाही ते म्हणजे गाव. प्रत्येक भागात देसा आदात, म्हणजे परंपरागत ग्रामसंस्था, आणि तिच्यातील बंजार हे वस्तीचे मंडळ असते. क्लब चालवायचा तर त्यांच्याशी जमवून घ्यावेच लागते: वर्गणी द्यायची, गावातल्या मुलांना नोकऱ्या द्यायच्या, वाहने लावण्याची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवायची. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र कमरेला गुंडाळलेले जे रक्षक उत्सवाच्या वेळी रस्ता अडवतात ते पेचालांग. न्येपीच्या, म्हणजे मौनाच्या, दिवशी, जो साधारणपणे मार्चमध्ये येतो, संपूर्ण बेट चोवीस तास बंद असते, विमानतळसुद्धा, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचे काम यांचेच. कुटाच्या गावकऱ्यांना पर्यटकांशी जमवून घ्यायला काही दशके मिळाली. चांगूच्या गावांना ती सवड मिळाली नाही, म्हणून तेथे खटके अधिक उडतात. 2022 मध्ये आवाजाविरुद्ध हजारो सह्यांची याचिका तेथूनच निघाली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये बेरावाच्या किनाऱ्यावर धार्मिक विधी चालू असताना शेजारच्या क्लबमधून आतषबाजी झाल्याची चित्रफीत देशभर गाजली. आवाजाचे नियम जितके कडक होतील तितकी उशिरापर्यंतची पार्टी वस्तीपासून दूर, कड्यांकडे जाईल, असा माझा अंदाज आहे.

उत्तर : रात्रपाळी

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु दोघांनीही कुटाला जरा लवकरच तिलांजली दिली, असे वाटते. कुटा संपला हे एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहकाचे म्हणणे आहे, ज्याच्याजवळ दोन पैसे जास्त आहेत आणि ज्याला आपली छायाचित्रे चारचौघांत मिरवायची असतात.

जावाहून बस भरभरून येणारी इंडोनेशियन कुटुंबे आणि महाविद्यालयीन मुले कुटालाच उतरतात. सर्फिंग शिकणाऱ्याला वाळूच्या तळावर फुटणारी कुटाची लाट सोयीची पडते. उलुवातूच्या प्रवाळावर नवशिक्याने जाणे म्हणजे अंग सोलवटून घेणे. विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. शाळा संपल्याच्या आनंदात नोव्हेंबरअखेरीस ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या मुलांचे थवे अजूनही लेगियान रस्त्यावर दिसतात. ती गर्दी कोणाला आवडो न आवडो, पण गर्दीच्या रस्त्याला ओसाड म्हणत नाहीत.

महासाथीचा मुद्दा वर कोणी घेतलेला नाही आणि माझ्या मते आजच्या चित्राला तोच सर्वाधिक कारणीभूत आहे. 2021 मध्ये बालीच्या विमानतळावर थेट उतरलेल्या परदेशी पर्यटकांची अधिकृत संख्या शंभरही भरली नाही. कुटाचा ग्राहक विमानाने येऊन आठवड्याभरात परतणारा होता. विमाने थांबली आणि तेथील दुकानांची शटर एका ओळीत खाली आली. चांगूमध्ये मात्र लॅपटॉप घेऊन महिनोन्महिने राहणारे परदेशी अडकून पडले, त्यांनी कॉफीपासून बिअरपर्यंत सगळे चालू ठेवले, आणि बेट पुन्हा उघडले तेव्हा दिवे लागलेले गाव तेच होते. चांगू पुढे गेले हे खरे, पण त्यात चांगूच्या गुणांइतकाच योगायोगाचाही वाटा आहे.

भरतीओहोटी (रात्रपाळी यांस)

महासाथीचा मुद्दा मान्य आहे. देशांतर्गत पर्यटकांविषयी मात्र एक फरक करावा लागेल. जावाहून येणारे कुटुंब कुटाला राहते, सायंकाळी किनाऱ्यावर बसते, खरेदी करते आणि झोपते. त्यातून हॉटेले भरतात, पण लेगियानचे डिस्को भरत नाहीत. पर्यटन टिकले तरी नाइटलाइफ जाऊ शकते, आणि कुटाच्या बाबतीत तसेच होत आहे असे मला वाटते.

पायपीट

सर्वांचे आभार. म्हणजे नाचणाऱ्या दोघांसाठी चांगू आणि बसणाऱ्या चौघांसाठी सेमिन्याक, असे दिसते. सेमिन्याकला राहून रात्री चांगूला जाऊन येणे सोपे आहे का? नकाशावर अंतर अगदीच थोडे दिसते.

उत्तर : हेल्मेट

नकाशावरच्या अंतराला तेथे काही अर्थ नाही. ऑगस्ट हा कोरड्या हवेचा आणि ऐन गर्दीचा महिना आहे. सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो, आणि त्याच्या आधी तासभर आणि नंतर तासभर सेमिन्याक ते चांगूमधील बातू बोलोंग हे सहा-सात किलोमीटर कापायला एक तास लागला तरी नवल वाटू देऊ नये. बेरावा आणि बातू बोलोंग यांच्यामध्ये भातखाचरांतून जाणारी जी प्रसिद्ध आडवाट आहे तिची रुंदी जेमतेम एका गाडीची; समोरून दुसरी गाडी आली की कोणीतरी मागे घ्यायचे, आणि स्कूटरवाले कडेने निसटायच्या प्रयत्नात खाचरात पडतात. तिकडचे लोक उभ्याउभ्या त्याचे चित्रीकरण करतात.

माझा सल्ला असा की सहाही जणांनी मुख्य मुक्काम सेमिन्याकच्या उत्तर टोकाला, पेतितेंगेत किंवा त्याला लागून असलेल्या केरोबोकान भागात ठेवावा. कायू आया रस्ता, ज्याला जुने लोक तेथील भारतीय हॉटेलवरून अजूनही ओबेरॉय रस्ता म्हणतात, तेथून जवळ आहे. जेवण, गप्पा आणि बाराच्या आत अंथरूण हे सर्व चालत्या अंतरावर जमते. नाचणाऱ्या दोघांनी रात्री दहानंतर, रस्ता मोकळा झाल्यावर, बेरावाला जावे. सूर्यास्तासाठी बीच क्लबच हवा असा हट्ट नसेल तर डबल सिक्स किनाऱ्याच्या वाळूवर रंगीत उश्या टाकून बसायची सोय असते आणि कोणीतरी गिटारवर गात असतो. चौघांना तेच अधिक आवडेल असे वाटते. शेवटचे दोन दिवस उलुवातूला काढावेत आणि त्यांत रविवार येईल असे पाहावे, कारण सुलुबानच्या कड्यावरील सिंगल फिनची रविवारची संध्याकाळ हीच तेथली ठरलेली मोठी रात्र आहे.

जाण्यायेण्याबाबत: गाडी मागवण्याची ग्रॅब आणि गोजेक ही दोन्ही अ‍ॅप चालतात, पण काही भागांत स्थानिक वाहनचालकांच्या संघटना अ‍ॅपवरील गाड्यांना प्रवासी उचलू देत नाहीत. तशी पाटी दिसली तर वाद न घालता मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावे. उलुवातूला जाताना परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी, नाहीतर मध्यरात्री कड्यावर उभे राहून जो भाव सांगितला जाईल तो द्यावा लागतो. स्कूटर भाड्याने कोणीही देतो, परंतु दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर पोलिसांचा दंड ही किरकोळ बाब ठरते. अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करण्याची शक्यता मोठी असते. प्यायल्यावर तर स्कूटरचा विचारच नको.

पिण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. अराक ही स्थानिक दारू चाखायची असेल तर ती मोहोरबंद बाटलीतून आणि नावाजलेल्या ठिकाणीच घ्यावी. भेसळीच्या अराकमधील मिथेनॉलमुळे 2009 मध्ये बालीत वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत परदेशीही होते. फुकटात किंवा नगण्य दरात मिळणाऱ्या कॉकटेलपासून चार हात दूर राहिलेले बरे.

खजिनदार

हेल्मेट यांच्या आराखड्याशी सहमत आहे. बिलाबाबत एवढेच लक्षात ठेवा की दरपत्रकावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे दिसली तर कर आणि सेवाशुल्क मिळून साधारण 21 टक्के वर पडतात. निव्वळ नाइटक्लब आणि बार यांच्यावर 2022 च्या कायद्याने किमान 40 टक्के मनोरंजन कर ठेवला आहे आणि 2024 पासून त्यावरून तेथे बराच गदारोळ झाला. काही ठिकाणी तो किमतीतच धरलेला असतो, म्हणून बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. बीच क्लबमधील गादीसाठी वेगळे भाडे नसले तरी किमान खर्चाची अट असते, आणि ती रक्कम दर माणशी आहे की दर गादीमागे, हे आरक्षण करतानाच लेखी मागून घ्या. सहा जणांत हाच हिशेब सर्वाधिक चुकतो.

पायपीट

पेतितेंगेतला चार रात्री आणि उलुवातूला शनिवार-रविवार, असे सर्वानुमते ठरले. थोरल्या भावाच्या आग्रहाखातर एक संध्याकाळ लेगियान रस्त्यावर पायी घालवणार आहोत. त्यासाठी आठवड्यातला अमुक वार बरा असे काही असल्यास कृपया सांगावे.

रात्रपाळी

शुक्रवार किंवा शनिवार, आणि दहाच्या आधी नको. पॉपीज लेन दोनने किनाऱ्याकडून आत शिरा, म्हणजे स्मारकाजवळच लेगियान रस्त्याला लागाल. तेथून दोन्ही बाजूंना चालून पाहा आणि ज्या दारातून जिवंत बँडचा आवाज येईल तेथे थांबा.